बोर्ड तिकडे, डीबगर इकडे: लांबच्या यंत्रावर हँग होणारा प्रोग्राम पकडायचा कसा?

खटपट्या

मंडळी, आठवडाभर डोकं फोडून झाल्यावर हा धागा काढतोय. लांबलचक आहे, पण अर्धी माहिती दिली की 'चिप कोणती, लिनक्स कोणतं' यातच पहिले वीस प्रतिसाद जातात, म्हणून सगळं एकदाच ओततो.

आयमॅक्स घराण्यातली चिप, एकच कॉर्टेक्स-ए७ कोअर, वर बिल्डरूटने बांधलेलं लिनक्स. त्यावर आमचा सी++ मधला प्रोग्राम: आरएस-४८५ वरून मॉडबसची मीटरं वाचायची, आकडे जमवायचे, सेल्युलर मोडेमवरून पीपीपीने वर पाठवायचे. पाच थ्रेड. मुख्य थ्रेड दर दहा सेकंदांनी हार्डवेअर वॉचडॉगला (चिपमधल्या रखवालदार टायमरला) किक देतो, म्हणजे 'जिवंत आहे' असं कळवतो. ६० सेकंद किक पडली नाही की बोर्ड रीसेट.

अशी ४० यंत्रं लावलीत. ३७ गुण्यागोविंदाने चालतात. उरलेली तीन चार-सहा दिवसांतून एकदा गप्प होतात आणि वॉचडॉग त्यांना उठवतो. माझ्या टेबलावर तेच फर्मवेअर महिनाभर अखंड चाललं. लॉग बघावा तर तो रॅममधल्या फाइलसिस्टिमवर, रीसेट झाला की पाटी कोरी.

बोर्ड मोबाइल नेटवर्कच्या नॅटमागे असल्याने बाहेरून थेट पोचता येत नाही. म्हणून बोर्डालाच आमच्या सर्व्हरकडे उलटा एसएसएच टनेल उघडायला लावला, बोर्डावर जीडीबीसर्व्हर (जीडीबी या डीबगरचा बोर्डावर चालणारा हस्तक) चालू करून प्रोग्रामला अटॅच केला आणि लॅपटॉपवरून 'टार्गेट रिमोट' दिलं. पुढे झालं ते असं. पहिल्यांदा 'जी पॅकेटचं उत्तर फार लांब आहे' अशी तक्रार येऊन कनेक्शन तुटलं. दुसऱ्यांदा जोडलं गेलं, पण जीडीबी बोर्डावरच्या लायब्ऱ्या एकेक करून खेचत बसला. आणि खेचून व्हायच्या आतच वॉचडॉगने बोर्ड रीसेट केला. तिसऱ्यांदा कसाबसा बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठल्याला हाक मारली ती यादी) मिळाला, त्यात बारा ओळी आणि बाराही ओळींत नुसती प्रश्नचिन्हं.

तुम्ही लोक हे कसं करता?

बिटकिरकिरे

तीन वेगवेगळ्या चुका आहेत, एकात एक अडकल्यात. सोडवू.

जी पॅकेटचं आधी. जीडीबी आणि सर्व्हर यांच्यात जी बोली चालते ती अगदी साधी आहे: डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग हॅश, मग दोन अंकी चेकसम. 'सगळी रजिस्टरं दे' याला फक्त 'जी' हे एक अक्षर. त्याचा आस्की आकडा हेक्समध्ये ६७, म्हणून तारेवर जातं डॉलर, जी, हॅश, ६७. उत्तरात सगळी रजिस्टरं हेक्समध्ये एकापुढे एक चिकटून येतात, मधे नावगाव काही नाही. म्हणजे कुठल्या जागी कुठलं रजिस्टर हे दोन्ही बाजूंना आधीपासून सारखं माहीत हवं. तुम्ही लॅपटॉपचा स्वतःचा जीडीबी उघडला असणार. तो इंटेलच्या हिशोबाने मोजायला बसला आणि आर्मचं उत्तर त्याच्या मापात बसेना. टूलचेनसोबत आलेला जीडीबी वापरा, नाहीतर जीडीबी-मल्टिआर्च. शंका आली की 'सेट डीबग रिमोट १' करा, येणाजाणारं प्रत्येक पॅकेट डोळ्यांसमोर दिसतं. मी तर नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे करायला लावतो.

लायब्ऱ्या खेचण्याचं: 'सेट सिसरूट' करून बिल्डरूटचं स्टेजिंग फोल्डर दाखवा, त्याच लायब्ऱ्या तिथे लॅपटॉपवरच मिळतात. हे टार्गेट रिमोटच्या आधी. नंतर केलंत तर खेचाखेची होऊन गेलेली असते.

प्रश्नचिन्हांचं: बोर्डावरची बायनरी स्ट्रिप केलेली (डीबगची माहिती काढून टाकलेली) आहे, ती तशीच राहू दे, जागा वाचते. सिम्बॉल, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं फंक्शन ती नावं, लॅपटॉपवरच्या प्रतीत लागतात. पण ती प्रत त्याच बिल्डची हवी. 'कोड तोच आहे, आत्ता परत कंपाइल करतो' हे चालत नाही. कंपायलरची बारीक आवृत्ती किंवा एखादा फ्लॅग बदलला की पत्ते सरकतात आणि मग जीडीबी प्रश्नचिन्हांऐवजी चुकीची फंक्शनं दाखवतो, ते जास्त वाईट. दोन्हीकडचा बिल्ड आयडी रीडएल्फने काढून ताडून बघा. आणि रिलीजच्या बिल्डलाही कंपायलरचा 'वजा जी' फ्लॅग लावा. त्याने यंत्रकोड बदलत नाही, फक्त डीबगचे विभाग जोडले जातात, ते पाठवताना स्ट्रिप होऊन जातात.

खटपट्या

बिल्ड आयडी जुळला नाही. लाज वाटून सांगतोय. बाहेर गेलेल्या बिल्डची स्ट्रिप न केलेली प्रत कुणीच ठेवलेली नव्हती. नवीन बिल्ड त्या तीन यंत्रांवर ढकलतोय, या वेळी प्रत जपून.

सोल्डरवाली

मी मायक्रोकंट्रोलरवाली, लिनक्स नसलेल्या गल्लीतली. आमच्याकडचं थोडं वेगळं आहे, पण दुखणं तेच.

आमच्याकडे बोर्डावर जीडीबीसर्व्हर चालवायला जागाच नसते. म्हणून बोर्डाशेजारी एक छोटा लिनक्स संगणक, त्याला प्रोब, प्रोबमधून एसडब्ल्यूडी या डीबग-जोडणीच्या दोन तारा चिपला. त्या संगणकावर ओपनओसीडी (प्रोब आणि जीडीबी यांच्यातला दुभाषा) चालतो. तो जीडीबीसाठी ३३३३ आणि टेलनेटसाठी ४४४४ पोर्ट उघडतो. सुरुवातीला मी जीडीबी घरून चालवायचे आणि ३३३३ टनेलमधून आणायचे. भयंकर हळू. एक 'नेक्स्ट' मारलं की आत डझनभर पॅकेटं जातात-येतात, आणि प्रत्येकाला पूर्ण फेरीचा वेळ लागतो. मग उजेड पडला की जीडीबी त्याच शेजारच्या संगणकावर चालवावा आणि आपण टीमक्समध्ये लॉगिन होऊन नुसता पडदा बघावा. गप्पा मारणारे दोघं शेजारी बसले की लांब फक्त अक्षरं येतात. लाइन तुटली तरी सत्र जिवंत. तसं करता येत नसेल तर निदान 'सेट रिमोटटाइमआउट' वाढवा. मुळात तो दोनच सेकंद असतो.

फ्लॅशमधल्या कोडसाठी हार्डवेअर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायच्या खुणा) लागतात आणि ते मोजके असतात, कॉर्टेक्स-एम४ वर सहा, एम० वर जास्तीत जास्त चार. लांबून काम करताना हे विसरायला होतं आणि सातवा लावल्यावर विचित्र एरर येतात.

आता माझी फजिती. मोटर चालवणारा बोर्ड होता. मी लांबून ब्रेकपॉइंट लावला, प्रोग्राम तिथे येऊन थांबला, मी आरामात व्हेरिएबल बघत बसले. प्रोसेसर थांबला होता, पण मोटरला पल्स देणारा पीडब्ल्यूएमचा टायमर थांबला नव्हता. तो शेवटच्या ड्यूटीवर पल्स देतच राहिला, करंट मर्यादेत ठेवणारा कोड मात्र माझ्या ब्रेकपॉइंटवर उभा. ड्रायव्हरच्या चिपमधून धूर निघाला तेव्हा तिथल्या माणसाचा फोन आला. एसटीएम३२ वर डीबगच्या वेळी टायमर आणि वॉचडॉग गोठवायचे बिट डीबीजीएमसीयू मध्ये असतात, ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं. टेबलावर वास येतो, हात पटकन स्विचकडे जातो. लांबून वास येत नाही.

जुना खिळा

सोल्डरवाली ताईंचा शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने दोनदा वाचावा.

खटपट्या, तुमचा प्रश्न वेगळ्या बाजूने बघतो. तुम्ही अटॅच केलं की प्रोग्रामचे सगळे थ्रेड थांबतात, म्हणजे किक देणाराही थांबतो. कर्नल आणि चिपमधला वॉचडॉग चालूच राहतात. म्हणजे तुमच्याकडे विचार करायला ६० सेकंद. वॉचडॉग दुसऱ्या प्रोसेसकडून किक करू म्हणाल तर ते डिव्हाइस एका वेळी एकालाच उघडता येतं, दुसऱ्याला 'बिझी' मिळतं. मुदत वाढवू म्हणाल तर आयमॅक्सचा वॉचडॉग १२८ सेकंदांच्या पुढे जात नाही.

आणि समजा हे सगळं जमलं, तरी तुम्ही करणार काय? चार-सहा दिवसांतून एकदा येणाऱ्या हँगसाठी जीडीबी जोडून जागत बसणार?

माझं म्हणणं: त्या क्षणी तुम्ही तिथे नसणार हे धरून चला आणि प्रोग्रामलाच मृत्युपत्र लिहायला लावा. रचना अशी. वॉचडॉगची किक मुख्य प्रोग्रामकडून काढून घ्या आणि एका छोट्या राखणदार प्रोसेसकडे द्या, शंभर-दीडशे ओळींचं सी. मुख्य प्रोग्रामने दर दहा सेकंदांनी राखणदाराला 'आहे' म्हणायचं. ३० सेकंद आवाज आला नाही तर राखणदाराने त्याला सिगअबॉर्ट (प्रोग्रामला मारणारा सिग्नल) पाठवायचा. कर्नल कोअर डंप, म्हणजे मरतानाच्या मेमरीची प्रत, काढेल. कर्नलच्या कोअर पॅटर्न या सेटिंगमध्ये पाइपचं चिन्ह टाकून एक स्क्रिप्ट लावा, ती कोअर जीझिपमधून दाबून फ्लॅशवर ठेवेल. पाइपने घेतलेल्या कोअरला 'यूलिमिट'ची मर्यादा लागू होत नाही, तोही एक घोळ वाचतो. कोअर लिहून झाला की राखणदार किक देणं थांबवेल आणि बोर्ड नेहमीसारखा रीसेट होईल. ग्राहकाला काही वेगळं दिसणार नाही.

एक पळवाट राहते: थ्रेड कर्नलच्या आत अडकला असेल, 'डी' अवस्थेत, तर सिगअबॉर्ट त्याला लागतच नाही. त्यासाठी राखणदाराने रीसेटच्या आधी सिसआरक्यूचा (कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) 'डब्ल्यू' द्यावा. अडकलेल्या टास्कचे ट्रेस कर्नल लॉगमध्ये पडतात. आणि कर्नल लॉग रीसेटनंतर हवा असेल तर रॅमऊप्स (रीसेटमध्ये टिकणाऱ्या रॅममध्ये लॉग ठेवणारी सोय) चालू करा.

बिटकिरकिरे

खिळेकाका, तत्त्वतः मान्य, पण कोअर म्हणजे मेलेल्या माणसाचा फोटो. जिवंत प्रोग्राममध्ये एक मूल्य बदलून 'आता काय होतं' हे बघता येत नाही. मला तर जीडीबी जोडल्याशिवाय अर्धे बग कळलेच नसते. कंडिशन लावलेला ब्रेकपॉइंट ठेवा, अट तपासायचं काम जीडीबीसर्व्हर बोर्डावरच करू शकतो, दर वेळी लॅपटॉपला विचारत नाही. अट खरी होईपर्यंत किकही चालू राहील.

जुना खिळा

अट काय लावणार? बग कुठे आहे हे माहीत असलं की अट सुचते.

नवशिका

कदाचित बावळट प्रश्न असेल. मी अजून शिकतोय. पण टनेल ज्या मोडेमवरून जातो, तो मोडेमच बंद पडल्यावर हा प्रॉब्लेम येत असेल तर? मग जीडीबी जोडलेला असूनही काय दिसणार?

जुना खिळा

हा प्रश्न बावळट नाही, आम्ही आहोत.

खटपट्या

नवशिका, साष्टांग दंडवत.

सर्व्हरवर टनेलच्या जोडण्यांची नोंद आहे, आज ती रीसेटच्या वेळांशेजारी ठेवून बघितली. गेल्या नऊ रीसेटपैकी नऊच्या नऊ वेळा टनेल आधी तुटलाय, रीसेटच्या साधारण एक मिनिट आधी. मी आजवर समजत होतो की बोर्ड रीसेट झाला म्हणून टनेल तुटला. शिवाय ती तीन यंत्रं नेमकी कमी सिग्नलच्या जागी आहेत. तिथे मोडेम दिवसातून चार-पाच वेळा पडतो आणि परत येतो. टेबलावर माझ्या डोक्यावरच टॉवर, तिथे महिन्यात एकदाही पडला नाही.

म्हणजे ज्या दोरीला धरून मी विहिरीत उतरू पाहत होतो तीच तुटल्यावर हा बग येतो. राखणदार लिहायला घेतो.

चकवा

वाचनखूण साठवली. मधेच एक किरकिर, सुरक्षेची.

जीडीबीसर्व्हरला पासवर्ड वगैरे काही प्रकार नाही. त्याच्या पोर्टाशी जो बोलेल तो मेमरी वाचू शकतो, लिहू शकतो, हवा तो कोड चालवू शकतो, जीडीबीसर्व्हर रूट म्हणून चालवला असेल तर रूटच्या अधिकाराने. 'नॅटमागे आहे, कोण येतंय' हा भरवसा नको, त्याच नेटवर्कमधली दुसरी यंत्रं असतात. पोर्ट न उघडताही काम होतं: टार्गेट रिमोटपुढे पाइपचं चिन्ह देऊन थेट एसएसएचची आज्ञा लिहा, आणि जीडीबीसर्व्हरला पत्त्याच्या जागी नुसती आडवी रेघ द्या. मग तो स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरच बोलतो. सगळं एसएसएचच्या आतून जातं आणि खिडकी बंद केली की मागे काही उघडं राहत नाही. मी एका ठिकाणी २३४५ पोर्ट डीबगनंतर आठ महिने उघडा राहिलेला पाहिलाय.

कोअर डंपचंही तसंच. त्यात पासवर्ड, चाव्या, ग्राहकाचे आकडे सगळं जसंच्या तसं असतं. मेलला जोडून फिरवू नका.

सोल्डरवाली

चकवा +१. पाइपवाली युक्ती मला माहीत नव्हती.

खिळेकाकांचं मृत्युपत्र आमच्या गल्लीतही चालतं, फक्त छोटं. कॉर्टेक्स-एम वर हार्डफॉल्ट झाला की हार्डवेअर स्वतःच आठ शब्द स्टॅकवर ढकलतं: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. फॉल्ट हँडलरमध्ये ते आठ आणि फॉल्टचं कारण सांगणारं सीएफएसआर रजिस्टर (एम० वर ते नसतं) उचलायचं, रॅमच्या अशा कोपऱ्यात ठेवायचं जिथे स्टार्टअप कोड शून्य भरत नाही, आणि रीसेट मारायचा. पुन्हा उठल्यावर प्रोग्राम तो कोपरा बघतो, काही असेल तर पहिल्या संदेशासोबत वर पाठवतो. चाळीस-पन्नास बाइट. वर आलेला पीसीचा आकडा, म्हणजे चालू आज्ञेचा पत्ता, ॲडर२लाइनला दिला की फाइल आणि ओळ हातात. एवढ्या चिमुकल्या सोयीने माझे निम्मे प्रवास वाचलेत. एलआर सोडू नका हां, फंक्शन पॉइंटरच बिघडलेला असेल तर पीसी कचरा असतो आणि कोणी हाक मारली ते एलआर सांगतं.

जुना खिळा

अवांतर आहे, पण राहवत नाही.

नासाचं व्हॉयेजर १ यान आठवतंय का? नोव्हेंबर २०२३ मध्ये यानाकडून अर्थ नसलेले बिट यायला लागले. दोष फ्लाइट डेटा सबसिस्टम नावाच्या संगणकात. अंतर २४ अब्ज किलोमीटर, आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे एक पॅकेट जाऊन यायला जवळजवळ दोन दिवस. आपण सहाशे मिलिसेकंदांवर कुरकुरतो.

तिथे स्टेप मारायची सोय नाही. १ मार्च २०२४ ला त्यांनी एक 'पोक' आज्ञा पाठवली, संगणकाला कार्यक्रमातला बिघडलेला भाग टाळून दुसऱ्या वाटेने जायला उद्युक्त करणारी. ३ तारखेला आलेला संकेत कचराच होता, पण वेगळ्या जातीचा कचरा. तो सोडवल्यावर निघालं काय, तर त्या संगणकाची अख्खी मेमरी. मग जुनी, धडधाकट असतानाची मेमरीची प्रत शेजारी ठेवून दोन्ही ताडल्या. सुमारे ३ टक्के मेमरी बिघडलेली, एका चिपपाशी आलेली. ती चिप बदलायला कोण जाणार? तिथला कोड दुसरीकडे हलवायचा ठरला, पण एका जागी मावेना, म्हणून तुकडे करून वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवला आणि एकमेकांकडे बोट दाखवणारे पत्ते दुरुस्त केले. १८ एप्रिलला पहिला भाग हलवला, २० ला यान आपली तब्येत नीट सांगायला लागलं.

खटपट्या, तुमच्याकडे निदान जीझिप आहे.

चकवा

मग माझंही अवांतर. १९९७ चं मार्स पाथफाइंडर. मंगळावर उतरल्यावर संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला, कारण निघालं प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे कमी महत्त्वाच्या कामाने लॉक धरून महत्त्वाच्या कामाला अडवणं. पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर ट्रेस चालू ठेवून त्यांनी तो प्रकार घडवून पकडला. आणि दुरुस्ती काय, तर एका म्यूटेक्सचा (लॉकचा) प्रायॉरिटी इन्हेरिटन्सचा पर्याय चालू केला, इथून. तेव्हाही राखणदार वॉचडॉगच होता आणि रीसेट हेच लक्षण.

खटपट्या

बारा दिवस झाले, हजेरी लावतो.

राखणदार तिन्ही यंत्रांवर गेला. पाचव्या दिवशी पहिला कोअर, सातव्या दिवशी दुसऱ्या यंत्राचा. दाबून प्रत्येकी मेगाबाइटच्याही आत. बिल्ड आयडी जुळला (हो, या वेळी जुळला). मुख्य थ्रेडचा बॅकट्रेस जसा दिसला तसा सांगतो, खालून वर.

सगळ्यात खाली मेन. त्यावर मीटर वाचणारं फंक्शन. त्यावर स्ट्रिंगला दोन अक्षरं जोडणारी ओळ. त्यावर मॅलॉक, मेमरी मागणारं फंक्शन. इथपर्यंत रोजचंच. मग मधे एक ओळ, टोकदार कंसांत: सिग्नल हँडलर कॉल्ड. म्हणजे मधेच सिग्नल आला आणि त्यासाठी नेमलेलं फंक्शन, हँडलर, चालू झालं. तिच्यावर आमचं 'लिंक पडली' हे फंक्शन. त्यावर लॉग लिहिणारं. त्यावर स्ट्रिंग बनवणं. त्यावर पुन्हा मॅलॉक. आणि सगळ्यात वर लॉकची वाट बघणारी, दोन अंडरस्कोरने सुरू होणारी ती कुप्रसिद्ध ओळ.

दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

मोडेम पडला की पीपीपीची आयपी-डाऊन स्क्रिप्ट (लिंक तुटल्यावर आपोआप चालणारी) आमच्या प्रोग्रामला सिगयूझर१ हा सिग्नल पाठवते. हे दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं (कुणीतरी म्हणजे मीच, गिटने नाव सांगितलं). हँडलरमध्ये 'लिंक पडली' एवढा एक लॉग. मुख्य थ्रेड मॅलॉकच्या पोटात, हीपचं (मेमरीच्या साठ्याचं) लॉक हातात घेऊन, आणि नेमका तेव्हाच सिग्नल आला. हँडलर त्याच थ्रेडवर चढला आणि लॉगसाठी मॅलॉक मागितलं. मॅलॉक त्या लॉकची वाट बघतं, लॉक खालच्या मॅलॉकच्या हातात, आणि ते वरचं संपल्याशिवाय हलू शकत नाही. स्वतःच्याच खांद्यावर बसून खाली उतरायची वाट बघतोय.

खिडकी काही मायक्रोसेकंदांची असेल, म्हणून मोडेम दिवसातून चार-पाचदा पडूनही बग चार-सहा दिवसांतून एकदा. ज्या ३७ यंत्रांवर मोडेम पडतच नाही तिथे कधीच नाही.

बिटकिरकिरे

वा! मधली ती 'सिग्नल हँडलर कॉल्ड' ओळ दिसली की माझे कान टवकारतात. तिच्या खाली आणि वर एकच लायब्ररी असली की समजायचं.

आणि हो, खिळेकाका, माझा ब्रेकपॉइंट इथे काही कामाचा नव्हता. मान्य.

नवशिका

अभिनंदन! पण मग हँडलरमध्ये लॉग लिहायचाच नाही का? आमच्या अभ्यासात तर प्रत्येक उदाहरणात हँडलरमध्ये प्रिंटएफ असतं.

जुना खिळा

त्या उदाहरणांनी जगाचं बरंच नुकसान केलंय. सिग्नल हँडलरमध्ये कुठली फंक्शनं चालतात त्याची पॉझिक्सने ठरवलेली यादी आहे, लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये 'सिग्नल-सेफ्टी' नावाचं पान सातव्या विभागात बघा. प्रिंटएफ, मॅलॉक, सिसलॉग त्यात नाहीत. राइट आहे. म्हणून जुनी रीत अशी: एक पाइप उघडून ठेवायचा, हँडलरने त्यात एक बाइट लिहून लगेच परत फिरायचं, आणि मुख्य लूपने पोलमध्ये तो बाइट दिसल्यावर निवांत लॉग लिहायचा. एरनो (शेवटच्या एररचा क्रमांक) जपून परत ठेवायला विसरू नका. लिनक्सपुरतंच बघायचं असेल तर सिग्नलएफडी आणखी सुटसुटीत, सिग्नल फाइलसारखा वाचता येतो, हँडलरच नको. फक्त सिग्नल सगळ्या थ्रेडमध्ये ब्लॉक करायचा, तोही थ्रेड बनवायच्या आधी. नाहीतर कुठल्यातरी पाचव्या थ्रेडवर जाऊन आदळतो.

खटपट्या

सिग्नलएफडी केलं. टेबलावर आधी जुन्या बिल्डला शेल स्क्रिप्टमधून सतत सिगयूझर१ मारून बघितलं: चाळीस मिनिटांत हँग. महिनाभर जे टेबलावर दिसलं नाही ते चाळीस मिनिटांत. नवीन बिल्ड रात्रभर मार खाऊन सकाळी ठणठणीत.

चकवा

राखणदार काढणार की ठेवणार?

खटपट्या

ठेवणार, चाळीसच्या चाळीस यंत्रांवर. प्रत्येक बिल्डची स्ट्रिप न केलेली प्रत आता बिल्ड आयडीच्या नावाने आपोआप साठते. फ्लॅशवर शेवटचे दोनच कोअर ठेवतो.

खटपट्या

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी. दोन यंत्रं शांत. तिसऱ्याने काल पुन्हा रीसेट मारला. कोअर नाही, राखणदाराची काही नोंद नाही. रॅमऊप्सही रिकामा. रीसेटचं कारण सांगणारं चिपचं रजिस्टर बघितलं, तर त्यात वॉचडॉग नाहीच, पॉवर-ऑन आहे. हे कुठलं नवीन भूत?

सोल्डरवाली

हे माझ्या गल्लीतलं. वीजपुरवठा बसतोय. सिग्नल कमी असला की मोडेम पूर्ण ताकदीने ओरडतो, आणि टूजीवर उतरला तर प्रत्येक बर्स्टला दोन अँपिअरपर्यंत ओढतो. मोडेमजवळचा मोठा कॅपॅसिटर कितीचा आहे? पुरवठ्याची वायर किती लांब आणि किती बारीक?

खटपट्या

कॅपॅसिटर शंभर मायक्रोफॅरडचा. वायर बसवणाऱ्याने वाढवलीय म्हणे, किती ते कुणालाच माहीत नाही.

सोल्डरवाली

मग जीडीबी ठेवा बाजूला. ऑसिलोस्कोप घ्या, मोडेमच्या पिनपाशी प्रोब लावा, ट्रिगर घसरत्या कडेवर.

खटपट्या

निघालो. ऑसिलोस्कोप मांडीवर आहे.